तबकडी बदलेपर्यंत

गळा गेला म्हणून हळदीला गाणाऱ्या मावशीने लग्नांत गाणं सोडलं, असं उरणच्या मिठागरांकडच्या आमच्या गावात अजून सांगतात. ते खरं नाही.

हळदीला ती यायची, नवरीची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवायची आणि विचारायची, "घरात काय म्हनून हाक मारतात गो तुला?" मग त्या नावाभोवती तिथल्या तिथे गाणं रचायची. मिठागरावर कुणी गा म्हटलं, तर मीठ ओढता ओढता म्हणायची, "कोनासाठी?" समोर माणूस नसला तर तिला सुचत नसे.

मी तेव्हा लग्नांना ग्रामोफोनची पेटी, कर्णा आणि गाण्यांच्या तबकड्या भाड्याने द्यायला लागलो होतो. लोकांना त्याचं नवल. तिला बोलावणं येईना. तरी एका हळदीला ती आली आणि माझ्या शेजारी बसली.

"काय रं दादूस, तुझ्या पेटीला नवरीचं नाव म्हायत हाय का?"

"माझी पेटी चाय तरी मागत नाय, मावशी."

मांडव हसला. तीही हसली.

तबकडी संपली. मी दुसरी काढत होतो, तेवढ्यात तिने नवरीचं घरचं नाव घेऊन बसल्या जागी सूर लावला. नवरीने मान वर केली. बायका सरकत जवळ आल्या. गळा नेहमीसारखाच मोकळा होता.

पहिलं कडवं पुरं व्हायच्या आत मी दुसऱ्या तबकडीवर सुई ठेवली.

त्यानंतर ती कुठल्याच हळदीला आली नाही. ते कडवं पुढे कसं गेलं असतं, हे मी अजून मनात जुळवून पाहतो. जुळत नाही.