पाच पाकळ्यांचा दगड

सरांचं नाक कापायचं मी ठरवलं ते त्यांच्याच घरी, त्यांच्या बायकोनं दिलेला चहा पिताना. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

सर म्हणजे कॉलेजात भूगोल शिकवून रिटायर झालेले, सिंदी मेघेत आमच्याच गल्लीत राहणारे. मी कारकून. दगडांचा नाद मला त्यांनीच लावला. रविवारी त्यांच्या स्कूटरवर मागे बसून हिंगणीकडच्या नाल्यांत गारगोट्या वेचायला जायचो.

एकदा मी एकटाच मध्य प्रदेशात, नर्मदेच्या बाजूला गेलो आणि चुनखडीतून सागरी अर्चिनचा जीवाश्म काढून आणला. अर्चिन म्हणजे समुद्रातला काटेरी गोल जीव. मेला की काटे गळतात, कवच उरतं, कधी त्याचा दगड होतो. पेढ्याएवढा, पाठीवर पाच पाकळ्या, आणि पाकळ्यांच्या कडेनं सुईनं टाके घातल्यासारखी बारीक छिद्रं. असा एक हाती आला की माणूस बिघडतो. मी तो खिशात घालून ऑफिसात न्यायचो. साहेब बोलत असले तरी माझा अंगठा पाकळ्यांवरून फिरत असायचा.

आम्हा दगडवाल्यांत एक रीत आहे. दुसऱ्याचा दगड मागायचा नाही, नुसता हातात घेऊन बघायचा. मालक ‘राहू द्या तुमच्याजवळ’ म्हणाला, तरच तो आपला. मी अर्चिन सरांच्या हातावर ठेवला. त्यांनी बराच वेळ पाहिला, मूठ मिटली, आणि उठून तो काचेच्या कपाटात ठेवला.

“सर, तो...”

“तूच त म्हणला ना, राहू द्या म्हणून!”

मी म्हणालो नव्हतो. पण वडीलधाऱ्या माणसाला तोंडावर खोटं कसं पाडायचं?

पुढं गावातल्या प्रदर्शनात तो दगड सरांच्या नावानं लागला. मी टेबलाशी उभा. सरांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि पाहुण्यांना सांगितलं, “हे आमचे बाबू. माह्यासंगं येते दगड उचलाले. पण त्याचं तोंड कुठं अन् बूड कुठं, ते अजून मलेच सांगा लागते यायले!” सगळे हसले. मीही हसलो. त्याच संध्याकाळचा तो चहा.

माझ्याकडं नर्मदेकडचाच आणखी एक अर्चिन होता, झिजलेला. त्याला मी काळी माती चोळली. नाल्याच्या काठावर सरांची काठी नेहमी जिथं टोचायची, तिथं नेऊन दाबला. आपल्याकडं सगळा लाव्हाचा काळा दगड. त्यात अर्चिन कुठून येणार? हे सरांनीच मला शिकवलं होतं. पण हाव सुटली की माणूस स्वतः शिकवलेलंही विसरतो. रविवारी काठी बरोबर तिथंच टोचली.

“बाबू! अबे समुद्र! इथं समुद्र होता!” त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

“काय सांगता, सर!” मी म्हणालो. इतकं गोड मी आयुष्यात बोललो नसेन.

पेपरात फोटो आला. शाल-श्रीफळ झालं. टाळ्या वाजवणाऱ्यांत मी पुढच्या रांगेत. मग नागपूरहून भूशास्त्राच्या एक मॅडम आल्या. त्यांनी ओला ब्रश फिरवला. काळं पाणी उतरलं आणि फटींतून पांढरी चुनखडी दिसायला लागली.

“सर, हा इथला नाही. माती वरून चोळलेली आहे. कुणी चोळली?”

सरांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांना कळलं होतं. पण माझं नाव घेतलं असतं, तर ‘त्यानं काऊन केलं असं?’ हा पुढचा प्रश्न आला असता, आणि मग कपाटातल्या दगडाची गोष्ट निघाली असती. ते म्हणाले, “माहीत नाई.” खोलीत कुणीतरी फिसकन हसलं. म्हातारा घरीच जीवाश्म बनवतो, असं तेव्हापासून गावभर झालं.

मागच्या आठवड्यात त्यांनी मला बोलावलं. कपाट उघडं होतं. “काल एक पाहुणा आलता. तुया दगडाकडे बोट दाखवून म्हणे, हाही घरचाच का? घेऊन जाय बाबू, तुया आहे.”

‘तुया’ हा शब्द ऐकायला मी इतकी वर्षं थांबलो होतो. दगड हातात घेतला. पाकळ्या तशाच होत्या. तो पुन्हा कपाटात ठेवला आणि म्हणालो, “राहू द्या तुमच्याजवळ.”

त्यांचा चेहरा पडला. जिना उतरताना बरं वाटलं, आणि घरी पोचेपर्यंत ते बरं वाटणं संपलं.

कपाटातला अर्चिन खरा आहे. तो मी माझ्या हातानं काढलाय. हे सांगणारा माझ्याशिवाय कुणी नाही, आणि ते सांगायचं तर नाल्यातला मी पुरला हेही सांगावं लागतं. म्हणून दोन्ही लिहिलं. सरांवर कुणी हसू नये आता. मी मात्र त्या दिवशी, मॅडमच्या मागं उभा राहून, तोंडावर रुमाल धरून हसलो होतो. ते हसू परत घ्यावं असं अजूनही वाटत नाही.