किनाच्या छातीतली झडप

डॉक्टरची पायरी न चढणारा माणूस म्हणून हाकोपाला समुद्रकाठचं सगळं ब्लफ गाव ओळखायचं. त्याचं उभं आयुष्य कालवांच्या बोटीवर गेलं. एकदा लोखंडी जाळं ओढताना दोन बोटं चेचली, तर ती फडक्यात गुंडाळून त्याने पाळी पुरी केली होती. म्हातारपणी बोटीवरचं काम सुटलं तरी हट्ट सुटला नाही. रिपेका, त्याची बायको, म्हणायची, "यम दारात आला तरी हा आधी त्याच्याशी हुज्जत घालेल."

किना मूळची त्याच्या बहिणीची कुत्री. बहीण गेली, मराएवरून, वस्तीच्या सभाघरातून, दुखवट्याचे पाहुणे पांगले, आणि ही ओट्यावर तशीच बसून राहिली. हाकोपाने तिला काखेत घेतलं आणि घरी आणलं. लहानखुरी, पांढरी-तपकिरी. अंगावरचे केस समुद्रातल्या किना नावाच्या काटेरी गोळ्यासारख्या प्राण्यासारखे ताठ, म्हणून ते नाव. दोघांचं इतकं मेतकूट जमलं की रिपेका चिडवायची, "तुझी बहीण मला सवत देऊन गेली."

पुढे किना खोकू लागली. पहाटे जास्त. हाकोपाने घशात गवताची काडी अडकली असेल म्हणून तोंडात बोट घालून पाहिलं, मध चाटवला. शेजारी म्हणाले, म्हातारी झाली, आता असंच चालायचं. त्यालाही ते पटलं. मग एक दिवस धक्क्यावर सीगलच्या मागे धावताना किना थबकली, डगमगली आणि आडवी झाली. जीभ निळसर पडली. थोड्या वेळाने उठून शेपूट हलवायला लागली खरी, पण हाकोपा तिला उचलून घराकडे निघालाही होता. स्वतःसाठी कधी न केलेली घाई त्याने तिच्यासाठी केली. रिपेकाने गाडी काढली आणि तिघं इन्व्हरकार्गिलला मोरागच्या दवाखान्यात गेले.

मोराग जनावरांची डॉक्टर, थोडं बोलणारी. तिने किनाच्या छातीला नळी लावली आणि डोळे मिटून बराच वेळ ऐकलं. छातीचा फोटो काढला. मग बरगड्यांवरचे केस भादरून, थंडगार मलम लावून पडद्यावर हृदय दाखवलं.

"हाकोपा, तुम्हीच ऐका," म्हणत तिने नळी त्याच्या कानात घातली.

त्याला वाटलं होतं, धक-धक ऐकू येईल. पण दर ठोक्यामागे फुस्स, फुस्स असा आवाज येत होता.

"ही झडप बघा," मोराग पडद्यावर बोट ठेवून म्हणाली. "नीट मिटत नाही. पुढे ढकललेलं रक्त थोडं मागे येतं. हृदय दुप्पट राबतं, राबून राबून फुगतं आणि श्वासनळीवर दाब येतो. मागे तुंबलेल्या रक्तातलं पाणी फुप्फुसात झिरपतं. म्हणून खोकला."

हाकोपाला हे लगेच कळलं. बोटीतलं पाणी उपसायच्या पंपाची झडप झिजली की असंच व्हायचं. पंप ठणठणत राहायचा आणि पाणी पुन्हा आतच.

"मग झडप बदला," तो म्हणाला.

"एवढ्याशा कुत्रीची ती शस्त्रक्रिया इथे कुणी करत नाही. पण गोळ्यांनी पंप जोर धरेल आणि पाणी लघवीवाटे जाईल. खारवलेली टीटी देता का हिला?"

हाकोपाने मान खाली घातली. समुद्रपक्ष्यांची ती चरबीदार, मिठात मुरवलेली पिल्लं तो स्वतः दोन वाट्या खायचा आणि तिसरी किनाला.

"बंद करा. आणि झोपते कशी?"

"बसल्या बसल्या. मान लांब करून, कोपरं बाहेर काढून. आडवी होतच नाही."

"आडवं झालं की पाण्याने दम लागतो, म्हणून."

रिपेका कोपऱ्यात पर्स घेऊन बसली होती. ती म्हणाली, "हाही हल्ली खुर्चीतच झोपतो. म्हणतो पाठ दुखते."

"तू गप गं," हाकोपा म्हणाला.

मोरागने त्याच्याकडे पाहिलं. मग खाली, त्याच्या बुटांच्या वर आलेल्या सुजेकडे. "मी माणसांची डॉक्टर नाही," ती शांतपणे म्हणाली. "पण तुम्ही कुत्रा असतात, तर आज तुम्हाला घरी सोडलं नसतं."

घरी आल्यावर मोरागने शिकवल्याप्रमाणे हाकोपा झोपलेल्या किनाचे श्वास मोजू लागला. मिनिटाला तीसच्या वर गेले तर फोन करायचा होता. मान वर करून बघतो तो रिपेका घड्याळ हातात घेऊन त्याच्याच छातीकडे टक लावून बसलेली.

"काय करतेस?"

"तुझे मोजतेय. तुझा पंप कोण बघणार?"

तो चिडला, बाहेर पडून फाटकाकडे निघाला. पण फाटकापर्यंतच्या चढालाच त्याला दम लागला, आणि किनाच्या छातीतली ती फुस्स त्याला आठवली. आत येऊन म्हणाला, "बरं. उद्या जाऊ."

माणसांच्या डॉक्टरनेही तोच आवाज ऐकला, तीच झडप. ड्युनेडिनच्या मोठ्या इस्पितळात त्याची छाती उघडून झडप शिवली. शुद्धीवर आल्यावर त्याने रिपेकाला पहिलं विचारलं, "किनाच्या गोळ्या दिल्यास?"

"दिल्या. चीजमध्ये लपवून. तूही अशाच घेणार आहेस का?"

किना गोळ्यांवर दोन हिवाळे सुखाने जगली. आडवी होऊन, पाय पसरून झोपू लागली. दोघं रोज धक्क्यापर्यंत हळूहळू जायचे, जो दमेल त्याच्यासाठी दुसरा थांबायचा. शेवटी एका सकाळी ती उन्हात झोपली ती उठली नाही. हाकोपाने तिला बहिणीच्या जुन्या शालीत गुंडाळलं आणि समुद्र दिसेल अशा उतारावर पुरलं. रडला, पण कडवटपणे नाही.

मग तो मोरागकडे कालवांची बादली घेऊन गेला. काय बोलायचं ते वाटेत जुळवलं होतं, पण तिथे सगळं विसरला. "तुम्ही तिचं ऐकलंत," एवढंच म्हणाला. मोरागने बादली घेतली आणि त्याचा हात धरून ठेवला. आता कुणाचं कुत्रं खोकलं, मांजर धापा टाकू लागलं, की हाकोपा त्याच्या दारात हजर. "म्हातारं झालंय म्हणू नका. आधी छाती ऐकवून घ्या."

जेवणापूर्वीच्या प्रार्थनेत तो न चुकता किनाचं नाव घेतो, मग मोरागचं. एकदा रिपेका म्हणाली, "खुर्चीचं कुणी सांगितलं होतं? माझं नाव कुठाय?"

"तुझं मी जेवण झाल्यावर घेतो," तो म्हणाला. "भांडी घासताना. तेव्हा वेळ असतो."