चिंधी बांधलेली लवकी

आमच्या घरी बाजाराची यादी मी करायची आणि बाजार माझा नवरा आणायचा. यादीतलं निम्मं यायचं. उरलेल्या पिशवीत यादीत नसलेलंच भरलेलं असायचं. आंबाडीच्या ऐवजी मोहाची फुलं, जिऱ्याच्या ऐवजी चारोळीच्या फोडायच्या बिया, एकदा तर एक जुना अडकित्ता. त्याने सुपारी फुटत नसे, पण मुठीवर मोर होता. मी पिशवी ओट्यावर रिकामी करत विचारायची, यातलं शिजवायचं काय? तो म्हणायचा, "मोर सोडून सगळं."

तो जाऊन आता वर्ष होईल. अडकित्ता आहे. याद्या मी अजून करते, फक्त आता त्यातलं सगळं घरी येतं.

रविवारी यवतमाळच्या बाहेर पडायचं, हा आमचा नेम होता. मुलं शिकायला बाहेर गेल्यावर तो जास्तच पक्का झाला. डब्यात भाकरी, कोरडं बेसन आणि ठेचा घ्यायचा आणि जिथे बाजार असेल तिकडे मोटरसायकल वळवायची. मला ठरवून जायला आवडायचं, त्याला वाटेत थांबायला. त्यामुळे पोहोचायला उशीर व्हायचा आणि मी चिडायची. आज त्या चिडण्यातलं एकही कारण मला नीट आठवत नाही.

लवकी, म्हणजे दुधी, त्याला अशीच वाटेत सापडली. केळापूरला देवीचं दर्शन घेऊन परतताना फाट्यावर एक कोलाम आदिवासी बाई भाजी घेऊन बसली होती. तिच्या टोपलीत ठेंगण्या, गोलसर, मानेला किंचित वाकलेल्या लवक्या होत्या. दुधी म्हटलं की लोक तोंड वाकडं करतात. माझा नवरा मात्र दुधीसाठी जीव टाकायचा. घरी आणून चणाडाळ घालून केली. खोबरं घातल्यासारखी गोड, आणि देठाजवळ तर जास्तच. त्याने कढई पुसून खाल्ली आणि पुढच्या रविवारी बी मागायला निघाला.

बाई बी द्यायला तयार नव्हती. आमच्या पाड्यातच राहतं, म्हणाली, बाहेर देत नाही. हा पुन्हा गेला. पुन्हा गेला. शेवटी ती त्याला लांबून पाहूनच हसू लागली आणि एके दिवशी तिने फडक्यात बांधून थोडं बी दिलं. त्या दिवशी त्याने रस्ताभर खिशावर हात ठेवला होता. मी मागे बसून म्हणत होते, दोन्ही हातांनी चालवा.

बियाण्याची रीत तिनेच सांगितली होती. वेलावरचं एक चांगलं फळ तोडायचं नाही. वेलावरच टणक होऊ द्यायचं, वाजेपर्यंत वाळू द्यायचं. आणि घरातल्या कोणी चुकून तोडू नये म्हणून त्याला चिंधी बांधायची. आमच्या अंगणात दर पावसाळ्यानंतर एका लवकीच्या गळ्यात माझ्या जुन्या साडीचा हिरवा काठ असायचा. पाहुणे विचारायचे, हिला काय झालं? तो सांगायचा, तिचं लग्न जमलं आहे.

मागच्या पावसाळ्यापर्यंत त्याचं दुखणं हाताबाहेर गेलं होतं. नागपूरच्या फेऱ्यांच्या, औषधांच्या, तपासण्यांच्या याद्या मी करत होते. डबीतलं बी बरंच किडलं होतं. जे चांगलं होतं ते सगळं त्याने मला लावायला लावलं. एकच वेल तगला. पावसाने फुलं झडली आणि हाती लागावी अशी एकच लवकी धरली. मी म्हटलं, करून घालते. तो म्हणाला, "आधी बी. भाजी पुढच्या साली."

चिंधी मी बांधली. त्याने खाटेवरून खिडकीतून पाहिलं आणि गाठ सैल ठेवायला सांगितली, फळ अजून फुगेल म्हणून. नंतरचे दिवस तो तिकडेच पाहत पडलेला असायचा. लवकी टणक व्हायच्या आत तो गेला.

तेरवीचा स्वयंपाक नणंदेने अंगावर घेतला. वांग्याची भाजी, वडे, कढी, खीर, सगळं यादीप्रमाणे. गेलेल्या माणसाचं पान बाहेर ठेवतात, त्यावर त्याच्या आवडीचं वाढतात. पान वाढताना पाहिलं, तर एका कोपऱ्यात चणाडाळीची भाजी होती. ती यादीत नव्हती. मी वेलाच्या मांडवाकडे गेले. देठ कापलेला होता. हिरवी चिंधी धुऊन दोरीवर वाळत घातली होती.

नणंद माझ्या मागे येऊन उभी राहिली. डोळे सुजलेले होते. म्हणाली, "वहिनी, दादाचा जीव होता हिच्यात. खिडकीतून हिलेच पाहत राहे. बरा झालो की खाईन म्हणत असन. म्हणलं, निदान पानावर तरी जाऊ दे."

मी म्हटलं, चांगलं केलंस. पंगत उठल्यावर आम्ही दोघी जेवायला बसलो. तिने मला भाजी वाढली. ती चांगली झाली होती. टोपलीतल्या सालांमधून मी बिया वेचल्या, धुतल्या, उन्हात ठेवल्या. कोवळ्याच त्या, वाळून कागदासारख्या झाल्या. आत काही नव्हतं.

पण बी जिथून आलं ती बाई तर होती. थंडीत एका रविवारी यादी केली, पहिलंच लिहिलं, लवकीचं बी. मग एसटीने पांढरकवड्याला गेले आणि तिथून ऑटोने केळापूरच्या फाट्यावर. बाई तुरीच्या शेंगा घेऊन बसली होती. मला तिने लगेच ओळखलं. "एकटीच आली? भाऊ काहून नाही आला?"

मी पिशवीतून यादी काढण्याआधी तीच बोलत सुटली. यंदा पाण्याने तिचा वेल सडला, पाड्यातल्या सगळ्यांचेच सडले. घरातलं बी घुशींनी नेलं. पण तिला घोर नव्हता. म्हणाली, "म्या म्हणलं, भाऊकडे हाय. आला तं मागून घेईन."

मग मला सगळं सांगावं लागलं. तो गेल्याचं, चिंधीचं, पानावरच्या भाजीचं. तिच्या हातातला तराजू खाली टेकला. तिने शेंगा नुसत्या वरखाली केल्या. मग म्हणाली, "मंग आता कोनाकडंच नाही."

मी मान हलवली. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर कापूस घेऊन गेला. तिने पदराने तोंड पुसलं आणि विचारलं, "शेवटची कशी लागली, बाई?"

"गोड," मी म्हटलं. "देठाजवळ जास्त."

"हो," ती म्हणाली. "तिथंच गोड राहे ते."