तपासनाक्यावरचा उखाणा

दीनानाथ खासनीसने उमेदीची सगळी वर्षं जुरोंग आयलंड या बेटावरच्या रसायनांच्या कारखान्यात काढली. पहाटे कंपनीची बस, गळ्यात पास, दिवसभर पाइप आणि प्रेशर, संध्याकाळी परत तीच बस. बायको शुभदा दर सुट्टीत म्हणायची, एकदा रस्त्याने मलेशियात जाऊ या, तिथून पुढे थायलंडला. तो म्हणायचा, हे शटडाउन संपू दे. दुरुस्तीसाठी कारखाना थांबवायचं एक शटडाउन संपलं की दुसरं यायचं. तो निवृत्त झाला तेव्हा शुभदा दुधाचं पातेलं कपड्यांच्या कपाटात ठेवायला लागली होती.

बुकित तिमाहच्या कॉन्डोत मी त्यांच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहते. डिमेन्शिया हा शब्द सगळ्यांत आधी मी उच्चारला. बाकीचे ‘वयोमानाने होतं’ म्हणत बसले होते.

२०१६ साली आमच्या मराठी टोळक्यात मोटरहोमचं खूळ शिरलं. मोटरहोम म्हणजे पलंग, ओटा, संडास असं सगळं पोटात असलेली गाडी. पुलापलीकडे मलेशियातल्या जोहोर बारूला दोन गाड्या भाड्याने घ्यायच्या आणि सगळ्यांनी मिळून थायलंड गाठायचं. पुढारी रवींद्र, वन-नॉर्थमधल्या एका कंपनीत मॅनेजर. दीनानाथने हे ऐकलं आणि त्याचा चेहरा उजळला. हॉटेलची नवी खोली दिसली की शुभदा घाबरून रडायची. इथे रोज गाव बदललं तरी पलंग तोच, उशी तीच. डॉक्टरांनी सांगितलं होतं, कुठे न्यायचं असेल तर याच वर्षी न्या.

खाली बार्बेक्यूच्या ओट्यापाशी सगळे जमलो. शुभदा माझ्या शेजारी बसून कागदी रुमालांच्या घड्या घालत होती.

“काका, रात्री काकू दार उघडून हायवेवर गेल्या तर?” रवींद्रने विचारलं.

“मी जागा राहीन.”

“मग दिवसा चालवणार कसे? पाळीपाळीने चालवायचं ठरलंय.”

“तू एक पाळी जास्त चालव,” मी म्हटलं. “पोट तरी उतरेल.”

“मावशी, थट्टा राहू द्या. लोक रजा घालून येणार. त्यांनाही विश्रांती हवी.”

मला त्याचा राग आला, कारण तो खरं बोलत होता. बाकीच्यांनी ‘बघू या’ म्हटलं. आपल्या लोकांना नाही म्हणायचं असलं की ते बघू या म्हणतात. शेवटी रवींद्रनेच तोडगा काढला. रविवारी आम्ही चौघांनी त्याच्या कारने जोहोरला जाऊन मोटरहोम बघून यायची. काकूंना तेवढं झेपलं तर डिसेंबरात सगळे एकत्र.

रविवारी पुलाआधीच्या वुडलंड्सच्या तपासनाक्यावर लांबच लांब रांग होती. शुभदा खुशीत होती, पुढच्या लॉरीवरचे रंग मला दाखवत होती. आमची पाळी आली. अधिकाऱ्याने पासपोर्ट घेतले, आत डोकावून एकेकाचा चेहरा पाहिला आणि तिला नाव विचारलं. तिने दीनानाथकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग शाळेतल्या स्वच्छ इंग्रजीत सांगितलं की मी या लोकांना ओळखत नाही, हे मला कुठे नेताहेत ते कृपा करून विचारा.

गाडी बाजूला घ्यायला लावली. आम्हाला एका खोलीत नेलं. तिथली अधिकारी बाई समजूतदार होती. दीनानाथकडे हात करून तिने विचारलं, “आंटी, हे तुमचे कोण?”

शुभदा टेबलावरच्या कागदाची घडी घालायला लागली.

तेव्हा दीनानाथला एक सुचलं. सुचलं नसतं तर बरं झालं असतं. लग्नातला उखाणा शुभदा इथल्या मराठी मंडळाच्या प्रत्येक हळदीकुंकवाला घ्यायची. त्याला वाटलं, सगळं गेलं तरी तो असेल.

“शुभदा,” तो हळूच म्हणाला, “नाव घे ना.”

ती चटकन उठून उभी राहिली. ओढणी सारखी केली. लाजलीसुद्धा.

“अंगणात रांगोळी काढते वाकून,” ती म्हणाली. दीनानाथचे ओठ तिच्याबरोबर हलत होते. “…रावांचं नाव घेते, सगळ्यांचा मान राखून.”

नावाच्या जागी तिने नुसता श्वास घेतला होता. काही चुकलंय हे तिच्या गावीही नव्हतं. ती खाली बसली आणि त्याला अदबीने म्हणाली, “आपणही मंडळातलेच का?”

अधिकारी बाईला मराठी कुठलं कळणार. तिने दोघांचा पत्ता एकच असल्याची खात्री केली, पासपोर्ट परत दिले आणि म्हणाली, “ओके अंकल, कॅन गो.”

गाडीत बसल्यावर रवींद्रने विचारलं, “काका, जायचं ना पुढे?” त्याने मनापासून विचारलं, हे कबूल करायला हवं.

“घरी घे,” दीनानाथ म्हणाला.

डिसेंबरात टोळकं जाऊन आलं. गुडघ्यांचं निमित्त सांगून मी टाळलं. परत आल्यावर रवींद्र दीनानाथकडे काजूचं पाकीट देऊन गेला. संध्याकाळी मी तिथे होते. शुभदाने काजू तोंडात टाकला आणि कुठले म्हणून विचारलं.

“थायलंडचे,” मी म्हटलं.

“हो, आठवतं ना,” ती म्हणाली. “गाडीने गेलो होतो. फार मजा आली.” मग दीनानाथकडे वळून तिने विचारलं, “तुम्हीही होतात का बरोबर?”

दीनानाथ पाकिटाला रबरबँड लावत होता.

“नाही,” तो म्हणाला. “मी नव्हतो.”