पेटीत वाहिलेलं कुंकू

पुण्याहून निघालो तोच कंटाळलेला. महिनाभर गावोगाव हिंडून एकच काम करत होतो, टेलिफोनची यंत्रं बनवणाऱ्या आमच्या कंपनीसाठी लोकांचा माल तपासून नापास करणं. साल दोन हजार एक. टेलिफोनच्या सामानाचा बाजार जगभर कोसळला होता. चंदनापुरीच्या घाटात एसटी तापून थांबली.

"उतरा, जरा पाय मोकळे करा," कंडक्टर म्हणाला. पाय कसले, मला आता फक्त अंथरूण हवं होतं.

अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात पोचेस्तोवर ऊन कलंडलं होतं. मालक सुधाकरराव पूर्वी चष्म्याच्या काचांवर लेप चढवत. आता टेलिफोनसाठी फिल्टर बनवत. काचेच्या एका तंतूतून अनेक संभाषणं एकदम धावतात, प्रत्येक संभाषण डोळ्यांना न दिसणाऱ्या वेगळ्या रंगाच्या उजेडावर. तिळाएवढा फिल्टर त्यातला एकच रंग पुढे सोडतो, बाकीचे परतवतो. त्यासाठी हवा काढून घेतलेल्या पेटीत काचेच्या चकतीवर थरावर थर चढवायचे आणि मग तिचे बारीक तुकडे करायचे. पेटीत धुळीचा कण शिरला की मेहनतीवर पाणी.

पहिलीच चकती सूक्ष्मदर्शकाखाली धरली. ठिपकेच ठिपके.

"हे काय, सुधाकरराव?"

"कुंकू."

मला हसू आलं. त्यांना आलं नाही.

खंडेनवमीची (यंत्रं, हत्यारं पुजायचा दिवस) पूजा त्यांनी मुद्दाम पेटीच्या खोलीबाहेर मांडली होती. पण त्यांच्या आई येवल्याकडच्या खेड्यातल्या. "देवाला उंबऱ्याभायेर ठेवतं का कोणी?" म्हणत त्या सरळ आत गेल्या आणि उघड्या पेटीतच हळदकुंकू वाहून आल्या.

"किती पुसलं, साहेब! पण कुठंतरी राहिलंच. ही शेवटची ऑर्डर. गेली तर कुलूप लावायचं."

सगळ्या चकत्या पाहिल्या. एकही चालण्यासारखी नव्हती. नापास केल्या. फार वाईट वाटलं.

"आईला कारण सांगू नका," एवढंच ते म्हणाले.

रात्री त्यांच्याच घरी मुक्काम. बाजरीची भाकरी आणि झिरकं (दाण्याच्या कुटाची झणझणीत आमटी). वाढता वाढता आईंनी विचारलं, "साहेब, पास झालं ना आमचं?"

"बाजारच पडलाय, मावशी. कोणाचाच माल घेत नाहीत." हेही खरंच होतं.

आईंचा हात थांबला. मग मुलाकडे वळून म्हणाल्या, "माझंच चुकलं. घाईघाईत चिमूटभरच वाह्यलं. पुढच्या साली मूठभर वाहीन, बघ."

सुधाकररावांनी मान वर केली नाही. "हो आई," म्हणाले, "आतच वाहा."

सकाळच्या गाडीने पुण्याला परतलो. अहवालात लिहिलं, 'माल सदोष.' त्या सबंध महिन्यात मी मनापासून पास केलं ते फक्त त्यांचं 'हो आई', आणि त्यासाठी अहवालात रकाना नव्हता.