मटकीचं कालवण आणि आबांचा होकार

पातळ भाजीला शिरूर तालुक्यात कालवण म्हणतात. मूळ क्रियापद कालवणे, म्हणजे बोटांनी एकत्र करणे. भाकरी ज्यात चुरून कालवायची, ते कालवण. पोटात होते ती कालवाकालवही याच क्रियापदाची. त्याच पदार्थाला कोरड्यास असेही नाव आहे, आणि तो चांगला ओला असतो. कोरड्या भाकरीसोबत खायचा, म्हणून कोरड्यास.

ही माहिती मी नव्वदच्या दशकाच्या शेवटी, दौंडहून पाबळला मुलीच्या घरी जाताना जीपमध्ये आतेभावाला दिली. तेव्हा मी एका दैनिकाचा तालुका वार्ताहर होतो.

आतेभाऊ दौंडच्या रेल्वे कॉलनीत वाढलेला. त्याच्या घरी सगळ्याला भाजीच म्हणत आणि भाकरीचा तुकडा मोडून तीत बुडवत. त्याला मुलगी पसंत होती, मुलीला तो. राहिला होता मुलीच्या आजोबांचा होकार. हे आबा मुलगा जेवताना पाहून निर्णय देत. आधीच्या स्थळाने चमचा मागितला होता. ते स्थळ परत गेले.

“मग मी करायचं काय?” जीप शिक्रापूरला ट्रकांमध्ये अडकली तेव्हा त्याने विचारले.

“कालवायचं,” मी म्हणालो.

ओसरीवर पंगत बसली. बाजरीची भाकरी, मटकीचं कालवण, कांदा, ठेचा, भात आणि शेवयांची खीर. आतेभावाने भाकरी चुरली, मध्ये आळे केले, कालवण ओतले. समोर बसलेल्या आबांनी मान डोलावली. इथे त्याने थांबायला हवे होते. पण मान डोललेली पाहून त्याने भात मिसळला. मग कांदा. मग ठेचा. मग खिरीची वाटी उचलली.

“अरे, ती गोड आहे!” आमच्यासोबत आलेली आत्या, त्याची आई, म्हणाली.

“माहितीये,” तो म्हणाला आणि वाटी पालथी केली.

“पाव्हणं, ह्ये काय चाललंय?” आबांनी विचारले.

“कालवतोय, आबा.”

स्वयंपाकघराच्या दाराआड कुणीतरी फिस्सकन हसले. ते कोण, हे सगळ्यांना कळले.

“आता खा की मग,” आबा म्हणाले.

त्याने खाल्ले. ताट स्वच्छ केले. पंगतीत दुसरे कुणी जेवत नव्हते.

“कसं लागलं?”

आतेभावाने माझ्याकडे पाहिले. मी ताटात पाहिले.

“लई वाईट, आबा.”

आबांनी त्याचे रिकामे ताट पाहिले. मग मुलीच्या वडिलांकडे वळले. “त्यो चमचेवाला पाणी पिऊन पिऊन ‘छान हाय, छान हाय’ म्हणत हुता. ह्ये पोरगं खरं बोलतंय. आन् टाकत बी न्हाई. सुपारी आणा.”

लग्नात आबा नवरदेवाच्या शेजारीच जेवायला बसले. वाढपी जिलेबी घेऊन आला, तेव्हा त्यांनी ती ताटात पडू दिली नाही. नवरदेवाच्या हातात दिली आणि तो ती खाऊन संपवेपर्यंत कालवणाची बादली त्याच्या ताटाकडे येऊ दिली नाही.