शेवंतीचा हार आणि समोरचा वारा

आयुधपूजेला म्हैसुरात हातोड्यापासून बसपर्यंत सगळ्यांना हार मिळतो. आईनं माझ्या ट्रायथलॉनच्या सायकललाही शेवंतीचा जाडजूड हार घातला, तोही थेट हँडलच्या पुढं. चाकात जाऊ नये म्हणून वर आवळून बांधला. मी भडकले. "अगं, वारा कापायला घेतलेली सायकल आहे ही! हार काढते मी."

"अय्यो, पूजेचा हार आज काढायचा नाही," आई म्हणाली. विषय संपला.

तशीच रागारागात नंजनगूडच्या रस्त्याला लागले. वेग घेतला, तशा पाकळ्या सुटून माझ्या छातीवर आदळू लागल्या, गळ्यातून जर्सीत शिरल्या. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला! इतके दिवस मी समजत होते की मी छान वाकून बसते. छाती तर सताड उघड्या दारासारखी सगळा वारा आत घेत होती.

कडेला थांबले. पाना काढला, हँडलवरच्या कोपरं टेकायच्या गाद्या एकमेकींजवळ आणल्या आणि हँडल थोडं खाली घेतलं. मग हनुवटी पार हातांशी नेऊन पुन्हा सुटले. आता पाकळ्या खांद्यावरून भुर्रकन मागं! छातीवर एकही नाही! सायकल अशी पळाली, की त्या रिकाम्या रस्त्यावर मी एकटीच ओरडले.

घरी पोचले तेव्हा हँडलला नुसता दोरा उरला होता. आई दारातच उभी होती. "हार कुठाय?"

मी धापा टाकत म्हटलं, "आई, आणखी एक आहे का गं?"